नाल्यातून निघाली, पण गाडीत जोरच नाही

पर्लकोटा नदीचा पूर ओसरला तरी गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या नाल्यांत मांडीभर पाणी राहतंच. तशाच एका नाल्यातून माझी कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) ऑफरोड बाइक बाहेर काढली. आयडलिंग ठीक, पण रेस दिली की दम कोंडल्यासारखी बसायची.

सोबतचा म्हणे, "भाऊ, प्लग गेला." प्लग कोरडा होता, स्पार्कही चांगला. एअर फिल्टरचा फोम मात्र ओला, पिळून वाळवला. फरक थोडाच. मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ड्रेन स्क्रूमधून काचेच्या बाटलीत घेतलं. तळाशी पाण्याचे मणी स्पष्ट दिसत होते. पाणी जड, ते खाली बसतं आणि तिथूनच जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या बारीक छिद्रात, ओढलं जातं.

खरी गोम वेगळीच होती: वाटीला हवा देणारी, खाली लोंबणारी व्हेंट नळी चिखलानं बुजलेली. वाटीत हवा शिरली नाही की जेटमधून पेट्रोल पुरेसं ओढलं जात नाही, रेसवर इंजिन उपाशी. तार घालून नळी मोकळी केली, गाडीनं लगेच जोर धरला. गावात आल्यावर टी-जोड लावून नळीची एक शाखा टाकीखाली वर नेली, म्हणजे खालचं तोंड बुजलं तरी हवा मिळेल. इंजिन ऑइलही पाहिलं. दुधाळ असतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं असतं, तर बदलल्याशिवाय चालवलीच नसती.