औषधवाहक नॅनोकण करायचेत? सुरुवात कोषापासून करा

एम.एस्सी. बायोटेक किंवा एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताना बहुतेक मुलं सोन्या-चांदीच्या नॅनोकणांकडे वळतात. मी त्यांना आधी जालन्याच्या रेशीम कोष बाजारात जाऊन यायला सांगते. बीड-जालन्याचे शेतकरी तुती लावून जे पांढरे कोष पिकवतात, त्यांत सत्तर-पंच्याहत्तर टक्के फायब्रॉइन असतं. औषध वाहून नेणारे कण याच प्रथिनापासून करता येतात. बाकीचं बहुतांश सेरिसिन, म्हणजे धागे चिकटवणारा डिंक.

कोष शक्यतो थेट शेतकऱ्याकडून घ्या. अळ्या कोणत्या जातीच्या होत्या, शेडमध्ये काय फवारलं होतं, हे तोच सांगू शकतो. पतंग बाहेर पडून फुटलेले कोष स्वस्त मिळतात, कारण त्यांतून सलग धागा निघत नाही. आपल्याला धागा विरघळवायचाच असतो, त्यामुळे डागाळलेला भाग कापून टाकला की ते चालतात. आत अळी मरून काळे पडलेले कोष मात्र घेऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ डिंक काढायला शिकण्यात घालवा. प्रचलित पद्धतीत ५ ग्रॅम कापलेले कोष, २ लिटर पाणी आणि ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घेऊन ३० मिनिटं उकळतात. उकळणं कमी पडलं तर सेरिसिन राहतं, आणि शस्त्रक्रियेतल्या, डिंक न काढलेल्या रेशमाच्या टाक्यांना शरीरानं दिलेल्या प्रतिक्रियांचा संबंध त्याच्याशी जोडला गेला आहे. जास्त उकळलं तर फायब्रॉइनच्या साखळ्या तुटतात आणि पुढे कणांचा आकार व औषध सुटण्याचा वेग, दोन्ही बदलतात. म्हणून आधीचं आणि नंतरचं कोरडं वजन वहीत लिहाच. घट पाव हिश्श्याच्या आसपास यायला हवी.

पुढचं तुलनेनं सरळ आहे. तंतू ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांवर विरघळवायचे, डायलिसिसच्या नळीत पाणी बदलत दोन दिवस ठेवून क्षार काढायचा आणि द्रावण थेंबाथेंबानं अॅसिटोनमध्ये सोडायचं. प्रथिनाच्या साखळ्या घड्या घालून बीटा पत्रे, म्हणजे एकमेकींना घट्ट बिलगलेल्या सपाट रचना, बनवतात आणि पाण्यात न विरघळणारे कण तयार होतात. डॉक्सोरुबिसिनसारखं कर्करोगावरचं औषध त्यांवर चिकटतं आणि पेशीतल्या आम्लधर्मी कप्प्यात गेल्यावर जास्त वेगानं सुटतं. हे मला अजूनही विलक्षण वाटतं! तरी गाईडला किंवा घरच्यांना सांगताना ‘कॅन्सरचं औषध शोधलं’ म्हणू नका. रेशमाचे टाके शस्त्रक्रियेत फार पूर्वीपासून वापरात आहेत, पण हे कण मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच तपासले गेले आहेत.

पीएच.डी. करायची असेल तर नेट किंवा गेटची तयारी पहिल्या वर्षापासूनच करा. नोकरी हवी असेल तर कणांचा आकार मोजणं, एफटीआयआरचा (इन्फ्रारेड किरणांनी रेणूंची रचना तपासण्याच्या चाचणीचा) आलेख वाचणं आणि औषध सुटण्याची चाचणी लावणं स्वतःच्या हातानं शिका. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत फॉर्म्युलेशनच्या मुलाखतीला जाल, तेव्हा यांतलं कोणतं काम स्वतः केलंय हे सांगता आलं पाहिजे.