पगार थांबला तर कुठल्या पैशाला आधी हात लावायचा?

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा महिना संपायला आठवडा उरला होता. अनेक घरांत मार्चचा पगार कसाबसा जमा झाला, एप्रिलचा अर्धाच आला आणि काहींचा आलाच नाही. एप्रिल ते जूनच्या त्या तिमाहीत शहरांतली बेरोजगारी सरकारी पाहणीतही 21 टक्क्यांच्या आसपास गेली होती. पैसा कमी पडला हे तर खरंच. पण कितीतरी घरं त्यानंतर दोन-तीन वर्षं कर्ज फेडत बसली, कारण हाताशी होता तोही पैसा चुकीच्या क्रमाने खर्च झाला होता. स्वस्तातलं आधी मोडलं असतं तर महागातलं काढावं लागलं नसतं. हा क्रम नोकरी असतानाच ठरवून ठेवावा. नोकरी गेल्याच्या दिवशी डोकं शांत नसतं.

आधी कागद

कंपनीने बोलावून ‘राजीनामा द्या, म्हणजे पुढे अडचण येणार नाही’ असं सांगितलं, तर त्या खोलीत बसून सही करू नका. 2020 मध्ये असंख्य लोकांनी अशा सह्या केल्या. नोकरकपात कंपनीने केली तर कायद्यातल्या ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्याला, सलग वर्षभर नोकरी झालेली असल्यास, एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन मिळतं. स्वतःहून राजीनामा दिला की ही भरपाई मागायचा आधारच जातो. ‘मला विचार करायला दोन दिवस द्या आणि जे आहे ते ईमेलवर पाठवा’ एवढं बोलणं पुरेसं आहे. व्यवस्थापक पदावरच्या माणसाला हे संरक्षण नसतं. त्याने नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम काढून वाचावं.

ग्रॅच्युइटी बहुतेकांच्या हिशेबातच नसते. पाच वर्षं झाली असतील तर ती हक्काची आहे. हिशेब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले पूर्ण वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 आणि नोकरी आठ वर्षं, तर 1,20,000 रुपये. फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सुटताना होणाऱ्या शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर ही रक्कम वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर वेतनाची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत चुकती करायची असते. ‘पुढच्या पगाराच्या वेळी बघू’ असं उत्तर आलं तर मागणी लेखी पाठवा.

कंपनीचा ईमेल बंद व्हायच्या आत मागच्या बारा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) स्वतःच्या फोनवर उतरवून घ्या. नंतर यांतलं एकेक मागायला महिने जातात.

पगाराचा आकडा विसरा, तगण्याचा आकडा काढा

सहा महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी ठेवा, हा सल्ला ऐकून माणूस घाबरतो आणि काहीच ठेवत नाही. खरा आकडा त्याहून लहान असतो. हातात 42,000 येणाऱ्या चौघांच्या घराचं उदाहरण घेऊ. भाडं 10,000, किराणा-दूध-भाजी 9,500, गॅस-वीज-मोबाईल 3,000, शाळा 3,500, औषधं 1,500, येणं-जाणं 2,500, दुचाकीचा हप्ता 3,200, विमा 1,800 आणि बाकी किरकोळ 7,000. सगळे 42,000 संपले.

आता नोकरी नाही असं धरून हीच यादी पुन्हा लिहा. किरकोळ शून्यावर येतं. येणं-जाणं 1,000, किराणा 8,000, वीज-मोबाईल-गॅस 2,500. बाकीचं जसंच्या तसं. बेरीज येते 31,500. बचत खात्यात 25,000, एफडी 60,000 आणि कंपनीकडून शेवटच्या हिशेबाचे 41,000 आले तर हातात 1,26,000 झाले, म्हणजे बरोबर चार महिने. हा आकडा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरातल्या सगळ्यांना तो माहीत असावा, दहावीतल्या मुलालाही. टाळेबंदीत घराघरांत भांडणं झाली ती पैसे किती दिवस पुरणार हे एकालाच माहीत असल्यामुळे.

यादीतून विमा आणि औषधं कापू नका. मोबाईलचं रिचार्जही कापू नका. ओटीपी आणि नोकरीचे फोन त्याच नंबरवर येतात.

भाडं आणि फी यांत सवलत मागायची तर पहिल्याच महिन्यात मागा. तीन महिने थकल्यावर घरमालक ऐकून घेत नाही. ‘दोन महिने अर्धं भाडं, उरलेलं डिपॉझिटमधून’ असा ठोस प्रस्ताव द्या आणि ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. ऑगस्ट 2021 मध्ये राज्य सरकारने खासगी शाळांना 15 टक्के फी कमी करायला सांगितलं होतं. आज तसा आदेश नाही, पण फीचे हप्ते पाडून द्या म्हणून अर्ज केला तर बऱ्याच शाळा ऐकतात.

हप्ते: कुठला थांबवायचा, कुठला नाही

करोनाने सर्वांत महाग धडा इथे दिला. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 ला हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली आणि मग ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ते थांबले, व्याज मात्र चालू राहिलं. व्याजावरचं व्याज पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत मिळालं, पण मूळ व्याज कुणाचंच माफ झालं नाही. ‘हप्ता माफ’ असं समजून पगार चालू असलेल्यांनीही सवलत घेतली.

त्याची किंमत मांडून पाहा. 25 लाखांचं गृहकर्ज, 8 टक्के व्याज, मुदत 20 वर्षं, हप्ता 20,911. सुरुवातीलाच सहा हप्ते थांबवले तर व्याज चढून बाकी 26,01,682 होते. हप्ता तोच ठेवला तर फेडायला 240 ऐवजी 266 हप्ते लागतात. सहा महिने थांबायचे 26 हप्ते जास्त, म्हणजे साडेपाच लाखांच्या जवळपास. आता हेच कर्ज शेवटच्या दोन वर्षांवर आलंय असं धरा. 24 हप्ते उरलेले असताना सहा थांबवले तर नंतर 25 भरावे लागतात. फक्त एक जास्त. म्हणून सवलत घ्यायचीच तर संपत आलेल्या कर्जावर घ्या. नव्या आणि मोठ्या कर्जाचा हप्ता जीव तोडून भरत राहा.

आता सरसकट सवलत नाही. बँकेकडे स्वतः जावं लागतं, आणि तेही हप्ता चुकायच्या आधी. शाखेत लेखी अर्ज द्या, सोबत सेवा समाप्तीचं पत्र आणि सहा महिन्यांचं खात्याचं विवरण जोडा. ‘काहीतरी मदत करा’ असं मोघम लिहू नका. ‘पुढचे चार महिने फक्त व्याज भरतो’ किंवा ‘मुदत तीन वर्षं वाढवून हप्ता कमी करा’ असं नेमकं मागा. पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. अशी पुनर्रचना क्रेडिट अहवालात दिसते, पण हप्ता 90 दिवस थकून खातं एनपीए (थकीत कर्ज) होण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

अर्ज मंजूर होईपर्यंत खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता चालूच असतो. 2020 मध्येही काही बँकांत सवलत मागावी लागत होती आणि काहींत ती न मागता मिळाली, त्यामुळे पुष्कळांचा हप्ता गैरसमजात कापला गेला आणि महिन्याचा किराणाच गेला. पैसे नसताना हप्ता परत गेला तर तुमची बँक आणि कर्ज देणारी कंपनी, दोघंही दंड लावतात. घरखर्चाचे पैसे हप्ता कापला जाणाऱ्या खात्यात ठेवूच नका. जोडीदाराच्या खात्यात हलवा.

क्रेडिट कार्डाचं वेगळंच आहे. ते सर्वांत आधी संपवा, त्यासाठी एफडी मोडावी लागली तरी चालेल. 50,000 ची बाकी आणि महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे व्याज 1,750 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 315. ‘किमान देय’ म्हणून 5 टक्क्यांनी 2,500 भरले, तर मुद्दल कमी झालं फक्त 435 रुपयांनी. उरलेले 2,065 गेले. वर्षाला 42 टक्के दराचं हे कर्ज उराशी ठेवून सात टक्क्यांची एफडी जपण्यात काही अर्थ नाही.

कुठला पैसा कोणत्या क्रमाने

पहिलं बचत खातं. मग एफडी, आणि तीही सगळी एकदम नको. दोन लाखांची एकच असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज काढा. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतात. पुढच्या वेळी दोन लाखांच्या एकीऐवजी पन्नास-पन्नास हजारांच्या चार करा, म्हणजे मोडायची वेळ आली तर एकच मोडेल.

तिसरं सोनं. सोनेतारण झटपट मिळतं आणि धोका त्या झटपटीतच आहे. ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली होती. त्याच महिन्यात सोनं उच्चांकाला होतं आणि पुढच्या मार्चपर्यंत दहा ग्रॅममागे दहा हजारांहून जास्त उतरलं. ज्यांनी कमाल रक्कम उचलली होती त्यांना ‘फरक भरा, नाहीतर लिलाव’ अशा नोटिसा आल्या. किमतीच्या 60 टक्क्यांहून जास्त उचलू नका आणि व्याज दरमहा भरा. वर्षअखेर एकरकमी भरायचं ठरवलं की व्याज साचतं आणि पाटल्या सुटत नाहीत.

पीएफ त्यानंतर. करोनासाठी 28 मार्च 2020 पासून तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, यांतली कमी रक्कम न परतफेडीची उचल म्हणून मिळत होती. जून 2024 मध्ये ती सोय बंद झाली. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओ या सरकारी संस्थेच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवलेल्या नियमात नोकरी गेल्यावर 75 टक्के लगेच आणि उरलेले 25 टक्के 12 महिन्यांनंतर अशी मांडणी आहे. अर्जाच्या वेळी पोर्टल दाखवेल ती मर्यादा धरा. मिळतंय म्हणून सगळं काढू नका. तिशीत काढलेला एक लाख 8 टक्क्यांनी 28 वर्षांत साडेआठ लाखांवर गेला असता. शिवाय सलग पाच वर्षांच्या आत काढलं तर सहसा कर लागतो.

पीएफचा अर्ज अडतो तो ठरावीक ठिकाणी. आधारवरचं नाव आणि पीएफ खात्यातलं नाव यांत एका अक्षराचा फरक. विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी (शाखेचा कोड). कंपनीने न भरलेली नोकरी सोडल्याची तारीख. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी नोकरी असतानाच तपासा, तेव्हा दुरुस्ती सहज होते.

कर्ज देणाऱ्या मोबाईल अ‍ॅपला या क्रमात जागा नाही. सात दिवसांच्या मुदतीने पैसे देऊन ती फोनमधले नंबर उचलतात आणि सासरच्यांना फोन लावतात. धमकी आली तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

सरकारी दारं

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना पाहा. सरासरी रोजच्या वेतनाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना किंवा गैरवर्तनासाठी काढलेल्यांना मिळत नाही, म्हणूनही सेवा समाप्तीच्या पत्रातले शब्द महत्त्वाचे. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते; ईएसआय कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करून अर्ज करा.

हातगाडी, टपरी, भाजीचा धंदा असेल तर जून 2020 मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी अजून चालू आहे. पहिलं कर्ज आता 15,000, ते वेळेवर फेडलं की 25,000, मग 50,000. महापालिकेचं फेरीवाला ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागतं, आणि अर्ज बहुधा तिथेच अडकतो.

नोकरीसोबत कंपनीचा आरोग्य विमाही जातो. शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे जुन्या आजारांच्या प्रतीक्षेची झालेली वर्षं धरली जाऊ शकतात. मधल्या काळासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. मे 2020 मध्ये ती राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली आणि आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार यांतली नावं जुळती ठेवा आणि जवळचं योजनेतलं रुग्णालय कुठलं हे आजच विचारून घ्या.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये, कमावता माणूस गेला आणि खाती कुठे आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, अशी घरं खूप होती. एका वहीत बँक, यूएएन, विम्याचे नंबर आणि प्रत्येकापुढे वारसाचं नाव लिहा; पीएफचं ई-नामांकन वेगळं करावं लागतं. आणि प्रधानमंत्री जीवनज्योती विमा (436 रुपये, 2 लाखांचं संरक्षण) आणि सुरक्षा विमा (20 रुपये) यांचे हप्ते दरवर्षी मे संपताना खात्यातून आपोआप कापले जातात. बेकारीत तेच खातं रिकामं असतं आणि नेमका तेव्हाच विमा बंद पडतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या खात्यात 456 रुपये असू द्या.