गवताळ मैदानातल्या भटक्या पशुपालकांचं दातांवरचं किटण: नमुना घेण्यापासून डीएनए तपासण्यापर्यंत

मंगोलिया-कझाकस्तानातल्या जुन्या थडग्यांमधून निघालेल्या दातांवर पिवळसर-करडा कडक थर दिसला, तर तो माती समजून घासू नका. ते किटण आहे. जिवंतपणी दातावर साचलेले जिवाणू लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे तिथेच दगड झालेले असतात. त्यात डीएनए भरपूर मिळतो, पण माणसाचा वाटा बहुधा एक टक्क्याच्याही आत. त्यामुळे वंश आणि स्थलांतर शोधायचं असेल तर आतल्या कानाभोवतीचं घट्ट हाड किंवा दाताचं मूळ घ्या. तोंडातले जिवाणू शोधायचे असतील तरच किटण. प्लेगचा जिवाणू रक्तातून येतो, म्हणून तो दाताच्या गाभ्यात शोधायचा.

दोन्ही हवं असेल तर किटण आधी काढा, मूळ नंतर कापा. ड्रिलची धूळ किटणावर बसली की नमुना गढूळ झालाच म्हणून समजा.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक दाताचे चारही बाजूंनी फोटो काढा. मोजपट्टी फोटोत असू द्या. किटण एकदा निघालं की परत येत नाही, म्हणून सगळं खरवडू नका. जाड थर बहुतेक दोन ठिकाणी सापडतो: खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. हिरडीच्या वरचं आणि खालचं किटण एकाच नळीत घालू नका. त्यांतले जिवाणू वेगळे असतात, आणि एकत्र केले की दोन व्यक्तींची तुलनाच करता येत नाही.

दंतवैद्याच्या स्केलरची धार थर आणि दाताच्या कडेवर टेकवा आणि आडवा हलका दाब द्या, खपली सुटते. जोरात ओढलंत तर इनॅमलवर चरे पडतात आणि पुढे झीज तपासणारा फसतो. खाली ॲल्युमिनियम फॉइल धरा. कोरड्या हवेत प्लास्टिकजवळचे कण स्थिर विजेने उडतात. ५ ते १० मिलिग्रॅम पुरे. मोठी खपली असेल तर अर्धी प्रथिनांसाठी राखा. मंगोलियात इ.स.पू. ३०००च्या सुमाराचं दूध आणि इ.स.पू. १२००च्या सुमाराचं घोडीचं दूध किटणातल्या दुधाच्या प्रथिनांमुळेच समोर आलं.

प्रयोगशाळेत खपलीच्या दोन्ही बाजूंवर अतिनील प्रकाश द्या. मग ०.५ मोलर ईडीटीएमध्ये (कॅल्शियम विरघळवणारं रसायन) सुमारे १५ मिनिटं धुऊन ते द्रावण टाकून द्या; वरची माती आणि हाताळणाऱ्यांचे जिवाणू त्यात जातात. उरलेलं १ मिलिलिटर ताज्या ईडीटीएमध्ये प्रोटीनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून फिरवत ठेवा. विरघळायला दिवस-दोन दिवस लागतात. घाई करू नका. न विरघळलेल्या कणात डीएनए अडकून राहतो. पुढे सिलिका कॉलम (डीएनए धरून ठेवणारी गाळण-नळी) वापरा, पण लहान तुकडे धरणारं बंधन-द्रावण निवडा. जुन्या डीएनएचे तुकडे बहुतेक १०० अक्षरांपेक्षा लहान असतात आणि साध्या किटमध्ये नेमके तेच निसटतात. प्रत्येक फेरीत नमुना नसलेली एक कोरी नळी सोबत चालवा. थडग्यातली माती किंवा त्याच व्यक्तीचं हाडही तपासा, म्हणजे मातीतले जिवाणू ओळखता येतील.

निष्कर्षात टॅनेरेला फॉर्सिथिया, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला दिसले तर हिरड्यांच्या आजाराशी जोडलेले जिवाणू तोंडात होते, एवढंच म्हणा. निदानासाठी जबड्याचं हाड बघा. तुकड्यांच्या टोकांना डीएनएच्या सी अक्षराचं टी झालेलं आहे का (जुन्या डीएनएची ही खूण) आणि वाचनं, म्हणजे यंत्राने वाचलेले तुकडे, जिवाणूच्या संपूर्ण जीनोमवर पसरली आहेत का, दोन्ही तपासा. क्षयाच्या जिवाणूचं नाव आलं की विशेष सावध राहा. त्याचे कितीतरी भाऊबंद मातीत राहतात आणि त्यांची वाचनं थोडक्याच, सारख्या दिसणाऱ्या भागांवर ढिगाने साचतात. असा ढीग दिसला तर तो निष्कर्ष मांडू नका.