समुपदेशनावरील संशोधन कसे शोधावे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावात समुपदेशनाचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला शेतकऱ्यांच्या नैराश्यावर निबंध लिहायचा असेल, तर त्याने संगणकापुढे बसण्याआधी वही उघडावी, कारण शोध बहुतेक वेळा शब्दांपाशीच फसतो. गावातला माणूस 'टेन्शन हाय', 'झोप लागत नाही', 'जीव घाबरते' असे सांगतो. शोधनिबंधांत अशा तक्रारी 'डिप्रेशन', 'अँग्झायटी' किंवा 'सायकॉलॉजिकल डिस्ट्रेस' या नावांखाली सापडतात.

प्रथम विषयाचे तीन भाग करावेत: कोण, कोणता त्रास आणि कुठे. प्रत्येक भागाचे पर्यायी इंग्रजी शब्द लिहून ते कंसात 'ऑर'ने जोडावेत आणि कंस एकमेकांना 'अँड'ने जोडावेत. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत हे जोडशब्द मोठ्या (कॅपिटल) इंग्रजी अक्षरांतच टंकावे लागतात. 'काउन्सेलिंग' हा शब्द ब्रिटिश पद्धतीत दोन 'एल'ने आणि अमेरिकन पद्धतीत एका 'एल'ने लिहिला जातो. म्हणून 'काउन्सेल' एवढेच एका 'एल'ने लिहून पुढे तारांकन (*) द्यावे, म्हणजे दोन्ही रूपे हाती लागतात. यवतमाळचे जुने इंग्रजी लेखन 'Yeotmal' असे होते, तेही जोडून घ्यावे. 'नॉट' मात्र फार जपून वापरावे: दारूवरचे लेख नकोत म्हणून तो शब्द वगळला, तर नैराश्याबरोबर व्यसनाचाही विचार करणारा नेमका हवा तो निबंध निसटतो.

पबमेड विनामूल्य आहे, आणि त्यातील 'मेश' ही प्रमाण विषयशब्दांची सूची पाहिल्यास आपल्याला न सुचलेले शब्द मिळतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची सायकइन्फो ही लेखसूची मानसशास्त्रासाठी अधिक नेमकी आहे, पण सशुल्क. महाविद्यालयाने वर्गणी भरली आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर आहेत.

एक चांगला निबंध सापडला की त्याला धरून पुढे जावे. विदर्भातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' या मानसिक आरोग्य कार्यक्रमावरील अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आला. १८ महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे त्यात नोंदले आहे. गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्रावर त्याखालील 'साइटेड बाय' दाबल्यास त्याचा आधार घेणारे नंतरचे लेख दिसतात आणि त्याच्या संदर्भसूचीतून आधीचे मिळतात. पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसल्यास पबमेडमधील मोफत लेखांची चाळणी लावून तो विषय दुसऱ्या कोणत्या लेखात हाताळला आहे का ते पाहावे, नाहीतर लेखकाला नम्र ईमेल पाठवून प्रत मागावी.

प्रत्येक शोधाची तारीख, वापरलेली पूर्ण शब्दओळ आणि मिळालेल्या निकालांची संख्या त्याच वहीत, त्याच दिवशी लिहावी. मार्गदर्शकांनी विचारल्यावर ही माहिती आठवणीतून सांगता येत नाही.