खिडकीचे हँडल बदलताना या चुका टाळा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे हँडल मी दोन वर्षांत तीनदा बदलले, आणि तिसरे मोडल्यावर लक्षात आले की आपण भलत्याच वस्तूवर पैसे घालत होतो. खिडकी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीची, एका झडपेची, बाहेर उघडणारी. ती लावताना झडप जराशी उचलून धरावी लागे आणि घरातल्या सगळ्यांच्या हाताला त्याची इतकी सवय झाली होती की, हा बिघाड आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. पाहुण्यांना मात्र ती युक्ती ठाऊक नसे. ते हँडलच जोर लावून फिरवत आणि एखाद्या दिवशी ते मानेतून तुटून हातात येई. खरा दोष बिजागरीच्या बाजूला होता. हँडलकडची कड सुमारे ३ मिलिमीटर खाली उतरली होती आणि तेवढे वजन दर वेळी वर चढवण्याचे काम हँडलला करावे लागत होते.

पुढचे विवेचन मुख्यतः अशा उघडझाप होणाऱ्या यूपीव्हीसी आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांसाठी आहे, कारण चुका होतात त्या तिथेच. सरकत्या, लाकडी आणि जुन्या लोखंडी खिडक्यांविषयी शेवटी थोडे लिहिले आहे.

कारण न शोधता नवे हँडल आणणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक असल्यामुळे तिच्यावर जरा थांबणे आवश्यक आहे. हँडल नुसते डगमगत असेल, तर बदलण्याआधी त्याच्या बुडाशी असलेले स्क्रू पाहावेत. ते बहुधा प्लॅस्टिकच्या छोट्या टोपीखाली किंवा फिरणाऱ्या झाकणाखाली दडलेले असतात. अनेकदा ते आवळले की काम संपते. हँडल फिरते, पण खिडकी ना उघडते ना लागते, असे होत असेल तर हँडलच्या मागे असलेला चौकोनी दांडा, ज्याला दुकानदार स्पिंडल म्हणतात, तो झिजून त्याचे कोपरे गोल झालेले असतात. नाहीतर तो ज्या चौकोनी छिद्रात बसतो, ते आतल्या लॉकचे चाक तडकलेले असते. हँडल काढल्यावर दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात.

दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी एक साधी चाचणी पुरते. खिडकी उघडी ठेवून हँडल फिरवावे आणि मग खिडकी लावून पुन्हा फिरवावे. उघडी असताना हलके आणि लावल्यावर जड जात असेल, तर हँडल निर्दोष आहे. झडप चौकटीत नीट जुळत नाही. उघडी असतानाही जडच जात असेल, तर झडपेच्या कडेत बसवलेली लॉकची लांब पट्टी धुळीने किंवा गंजाने अडली आहे. दोन्ही वेळा हलके फिरत असूनही हँडल मोडले असेल, तरच दोष हँडलचा मानावा. स्वस्त हँडले बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. मोडल्या जागी आत राखाडी, रवाळ, मीठखड्यासारखा पृष्ठभाग दिसतो. असा धातू वाकत नाही, एकदम तुटतो, आणि म्हणूनच तो मोडण्यापूर्वी काही इशारा मिळत नाही.

झडप जुळत नसल्याच्या खुणा शोधणे अवघड नाही. चौकटीवर जिथे लॉकचे खुंट अडकतात त्या छोट्या पट्ट्यांवर एकाच कडेला चकचकीत घासलेली रेघ उमटलेली असते, किंवा झडप आणि चौकट यांमधली फट वर एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसते. झडप खाली बसण्याची कारणे साधारणपणे दोन असतात. एक म्हणजे, वर आणि खाली बसवलेल्या सरकत्या स्टीलच्या बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होणे. दुसरे म्हणजे, काचेखालच्या प्लॅस्टिकच्या चकत्या जागेवरून सरकणे. काचेच्या कडांना तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, म्हणजे बिजागरीकडे खाली आणि लॉककडे वर, या चकत्या घट्ट बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे काचच त्या झडपेला तिरप्या आडव्यासारखी ताणून धरते. चकती सरकली की झडपेची चौकट हळूहळू शंकरपाळ्यासारखी तिरकी होते. स्क्रू आवळणे घरी जमते. चकत्या पुन्हा बसवण्यासाठी काचेच्या पट्ट्या काढाव्या लागतात, ते काम वरच्या मजल्यावर तरी कारागिराकडूनच करून घ्यावे.

डोळ्यांनी माप घेणे

‘असेच द्या’ म्हणून जुने हँडल दुकानात नेणे वाईट नाही, परंतु दुकानदाराने अंदाजाने दिलेले घरी आणून बसेलच असे नाही. यूपीव्हीसी खिडक्यांच्या बहुतेक हँडलांत दोन स्क्रूंच्या मध्यांतील अंतर ४३ मिलिमीटर आणि स्पिंडलची जाडी ७ मिलिमीटर असते, म्हणून सगळी एकच असा समज होतो. फरक पडतो तो स्पिंडलच्या लांबीत. १५, २०, ३०, ४० मिलिमीटर अशा निरनिराळ्या लांबीचे स्पिंडल मिळतात आणि ही लांबी हँडलच्या बुडापासून बाहेर आलेल्या भागाचीच मोजायची असते. स्पिंडल लांब निघाला तर हँडलचे बूड झडपेला टेकत नाही, आणि घाईने स्क्रू आवळून ते टेकवले की बूड तडकते. आखूड निघाला तर तो लॉकच्या चाकात जेमतेम टोकाने अडकतो. पहिले काही आठवडे काम करतो आणि मग स्वतःचे नि चाकाचेही कोपरे झिजवून टाकतो. लांब स्पिंडल करवतीने कापता येतो, मात्र कापल्यावर कानशीने कडा साफ कराव्यात, नाहीतर धातूचा कीस लॉकमध्ये जातो.

छिद्रांतील अंतर मोजताना मध्य ते मध्य मोजण्याच्या भानगडीत पडू नये, कारण मध्य कुठे आहे यावरच चूक होते. एका छिद्राच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत मोजले की तेच अंतर बिनचूक मिळते.

बाकदार हँडल असेल तर डावे-उजवे हा प्रश्न येतो. सरळ हँडल कोणत्याही बाजूला चालते. बाकदार हँडल चुकीच्या हाताचे आले तर त्याची मूठ काचेवर तरी आदळते किंवा चौकटीच्या बाहेर तरी लोंबते. कोणाच्या लेखी ‘डावे’ म्हणजे बिजागरी डावीकडे, तर कोणाच्या लेखी हँडल डावीकडे. त्यामुळे शब्दांवर विसंबू नये. घराच्या आतून उभे राहून, बिजागरी आणि हँडल दोन्ही दिसतील असे एक छायाचित्र घेऊन ते दाखवावे.

लॉकची पट्टी नसलेल्या, केवळ नाकाने चौकटीवर अडकणाऱ्या हँडलांना आणखी एक माप लागते, ते म्हणजे बुडाच्या सपाटीपासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची. ही २ मिलिमीटरने कमी असली तर खिडकी लागत नाही, जास्त असली तर लागते, पण वाऱ्याने रात्रभर खडखडते.

काढताना झडप मोकळी सोडणे

हँडलचा खालचा स्क्रू दिसण्यासाठी ते बहुधा उघडण्याच्या स्थितीत फिरवावे लागते. याचा अर्थ असा की, तुम्ही स्क्रू काढत असता तेव्हा झडपेला कसलेही कुलूप नसते, आणि वाऱ्याच्या एका झोतासरशी ती बाहेर उघडते. अशा वेळी हातातला पेचकस किंवा स्क्रू खाली पडला तर तो सातव्या मजल्यावरून कोणाच्या डोक्यावर पडेल हे सांगता येत नाही. झडप चौकटीला रुंद चिकटपट्टीने दोन ठिकाणी चिकटवून घ्यावी, किंवा ग्रिल असल्यास सुतळीने बांधून ठेवावी. खिडकीखाली कोणाला उभे राहू देऊ नये आणि ओणवे होऊन बाहेरच्या बाजूने काही काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

खिडकी बंद असतानाच हँडल तुटले आणि दांडा आत राहिला, तर बरेच जण काच फोडण्याच्या गोष्टी करू लागतात. तशी गरज नसते. उरलेल्या दांड्याला पकडीने धरून पाव वेढा फिरवला की लॉक सुटते. दांडा आतच तुटला असेल, तर चौकोनी छिद्रात रुंद चपटा पेचकस कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा घालून हलक्या हाताने फिरवावा.

चौधारी पेचकसांतही दोन जाती आहेत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. अनेक खिडक्यांच्या स्क्रूंच्या फुलीमध्ये मुख्य चार खाचांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. त्यांना पोझिड्राइव्ह पेचकस लागतो. नेहमीच्या फिलिप्स पेचकसाने ते निघतात असे वाटते, पण पेचकस घसरत राहतो आणि दोन-तीनदा घसरला की फुलीची वाटी होते. मग ड्रिलने स्क्रूचे डोके उडवावे लागते.

बसवताना घाई

नव्या हँडलबरोबर स्क्रू न मिळाल्यास हाताला येतील ते वापरले जातात. ते साधारणपणे ५ मिलिमीटर जाडीचे, सपाट डोक्याचे असतात, आणि त्यांची लांबी जुन्या स्क्रूइतकीच असावी लागते. लांब स्क्रू लॉकच्या पट्टीवर टेकतो आणि नवे कोरे हँडल पहिल्याच दिवशी अडते; मग दोष हँडलच्या माथी मारला जातो. बॅटरीच्या ड्रिलने स्क्रू आवळू नयेत. ज्या आट्यांत ते बसतात त्या नरम असतात, ड्रिलच्या एका झटक्याने त्या खरवडल्या जातात आणि हँडल पुन्हा कधीच घट्ट बसत नाही. हाताने, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळत जावे आणि हँडल फिरताना जड लागू लागले की अर्धा वेढा मागे यावे.

सर्व बसल्यावर खिडकी लगेच लावून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. आधी झडप उघडी ठेवूनच हँडल पाच-सहा वेळा फिरवावे आणि कडेचे खुंट दोन्ही दिशांना पूर्ण सरकतात का हे पाहावे. लॉक एका स्थितीत आणि हँडल दुसऱ्या स्थितीत असताना जोडणी झाली असेल, तर लावलेली खिडकी उघडणारच नाही, आणि स्क्रू मात्र नव्या हँडलच्या खाली दडलेले असतील. किल्लीचे हँडल घेतले असल्यास किल्ली त्याच खोलीत, मोठ्यांच्या हाताला येईल आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी टांगावी.

खोबरेल तेल आणि खारी हवा

घरात दुसरे तेल नाही म्हणून लॉकमध्ये खोबरेल सोडणारे पुष्कळ आहेत. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात सकाळी बाटलीत जे होते, तेच लॉकच्या पट्टीत होते, आणि उन्हाळ्यापर्यंत त्यावर धूळ बसून चिकट काळा गाळ तयार होतो. गंज सोडवण्याचे फवारेही नेहमीच्या वंगणासाठी नव्हेत. ते उडून जातात. आधी बारीक ब्रशने पट्टी साफ करून मग सिलिकॉनचा फवारा किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्राजवळच्या घरांत आणखी एक चूक दिसते, ती म्हणजे ॲल्युमिनियमच्या झडपेला साधे लोखंडी स्क्रू लावणे. खारट दमटपणात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि दोन-तीन पावसाळ्यांत छिद्रच मोठे होऊन बसते. तिथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्यावेत, तेही शक्यतो ३१६ प्रतीचे. नेहमी मिळणारे ३०४ प्रतीचे स्टीलही खाऱ्या वाऱ्यात ठिपक्याठिपक्यांनी गंजते. महिन्यातून एकदा हँडल आणि बिजागऱ्या साध्या पाण्याने पुसल्या, तरी बराच फरक पडतो.

इतर खिडक्या

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचे लॉक लागेनासे झाले की लोक लॉक बदलतात. प्रत्यक्षात खालची चाके झिजून झडप खाली आलेली असते आणि लॉकचा आकडा खाचेच्या खाली आदळत असतो. अनेक खिडक्यांत झडपेच्या खालच्या कोपऱ्यातील स्क्रू फिरवून ती वर घेता येते. लाकडी खिडकीची मूठ किंवा कडी ढिली होते ती स्क्रूचे भोक मोठे झाल्यामुळे. जाड स्क्रू ठोकण्यापेक्षा, गूल काढून टाकलेल्या दोन-तीन आगकाड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात बसवाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात आणि सकाळी जुनाच स्क्रू पिळावा. पावसाळ्यात फुगलेली लाकडी झडप मात्र त्याच वेळी रंधून घेऊ नये, कारण ती दिवाळीनंतर आकसते आणि मग फट पडते.

जुन्या इमारतींतील लोखंडी खिडक्यांची पितळी हँडले अजूनही आहेत तिथे ती काढून नवी चकचकीत बसवण्याआधी त्यांच्यावरचे रंगाचे थर खरवडून पाहावेत. दर रंगकामात त्यांच्यावर ऑइलपेंट चढलेला असतो आणि हँडल फिरत नाही ते झिजल्यामुळे नव्हे, तर रंगाने जखडल्यामुळे. आमच्या जिन्यातल्या खिडकीचे असेच एक हँडल मी रंग खरवडून मोकळे केले. थरांखालून पितळ निघाले आणि ते आता एका बोटाने फिरते.