दुबईच्या ड्रॅगन मार्टमध्ये भाव कसा करावा

मुलगा दुबईत नोकरीला, त्यामुळे माझ्या तिथे बऱ्याच खेपा झाल्यात. दर खेपेला निघायच्या आधी दापोलीत कुणीतरी सल्ला देतंच, "काकू, सांगतील त्याच्या निम्मं म्हणायचं." हा सल्ला देणाऱ्याने एकदा हर्णैच्या बंदरावर सुरमईला निम्मा भाव सांगून बघावा. कोळीण काय उत्तर देते ते ऐकायला मीही सोबत येईन.

पहिली गोष्ट, जागा. दुबई मॉल 2008 साली उघडला, हजाराच्या वर दुकानं आहेत, बघण्यासारखा आहे. पण तिथे चिठ्ठीवर लिहिलेली किंमत हीच किंमत. उगाच तोंड उघडू नका. घासाघीस करायची तर इंटरनॅशनल सिटीतल्या ड्रॅगन मार्टला जा. 2004 सालचा हा बाजार सगळा चिनी मालाचा. दिवे, परदे, फरशा, भांडी, खेळणी, सगळं. इमारत ड्रॅगनसारखी वळत गेलेली, सुमारे 1.2 किलोमीटर लांब. चपला सोयीच्या घाला, बाकी तयारी तुमची तुम्हाला कळते.

पहिल्या फेरीत काही घेऊ नका. बंदरावर लिलाव लागला की आपण आधी एक चक्कर मारतो ना, तसंच. एकच दिवा दहा गाळ्यांत टांगलेला दिसेल. आवडला तिथे गाळ्याच्या नंबराचा फोटो काढा, नाहीतर परत ते दुकान सापडता सापडत नाही.

आता खरी मेख: आकडा कधी आणि कसा बोलायचा. इथे मी पहिल्या दोन खेपांना सपाटून मार खाल्ला.

गाळ्यावरची चिनी बाई बोलत नाही, कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तुमच्यासमोर धरते. मी लगेच तो हातात घेऊन माझा आकडा दाबायची. चूक. तिथले बरेच गाळे मुळात घाऊक विक्रीचे. म्हणून आधी एका नगाचा भाव विचारा, मग सहाचा, मग डझनाचा. डझनाला नग कितीला पडतो ते कळलं की खाली किती जागा आहे त्याचा अंदाज येतो. एकच नग हवा असला तरी हे विचारा. डझनाचा भाव एकाला मिळणार नाही, पण एकाचा आणि डझनाचा यांच्या मध्ये कुठेतरी सौदा बसतो. तोवर तुमचा आकडा पोटात ठेवा. वस्तू हातात घ्या, उलटीपालटी करा, गप्प राहा. गप्प राहणं मला जमत नव्हतं, आमच्याकडे ते कुणालाच जमत नाही.

दुसरं, मराठीत कुजबुजू नका. एका गाळ्यावर मी सुनेला म्हटलं, "दीडशे दिरहमपर्यंत गेलं तर घेऊ." सांगितलेला भाव एकशे नव्वद होता आणि मी शंभरापासून सुरू करणार होते. काउंटरमागचा पोरगा हसून म्हणाला, "काकू, मी खेडचा. दीडशेला न्या." पुढे बोलायला काही उरलंच नाही. आपली कोकणातली माणसं आखातात कुठे नाहीत? हिंदी तर बऱ्याच जणांना कळतं. शेवटचा आकडा घरूनच ठरवून या.

तिसरं, उभ्या उभ्या रुपयांत हिशेब करू नका. "म्हणजे आपले इतके हजार!" असा चेहरा झाला की समोरच्याला कळतं. आणि रुपयांत महाग वाटणारी वस्तू शेजारच्या गाळ्याच्या मानाने स्वस्त असू शकते. तुलना दिरहमशी दिरहमची.

आणि निघून जाण्याचं नाटक. ते एकदाच, आणि खरोखर पाय उचलून. चार पावलांवर थांबून मागे बघितलंत तर संपलं. पण हाक आली आणि तुमच्या आकड्याला "हो" म्हणाले, तर घ्यायचंच. भाव बोलून वस्तू न घेणाऱ्याला हर्णैला जे ऐकावं लागतं तेच तिथे चिनी भाषेत ऐकावं लागतं.

विजेची वस्तू दुकानातच लावून बघा. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपल्या भिंतीत बसत नाही.

सोनं घ्यायचं तर त्याचा त्या दिवसाचा भाव ठरलेला असतो, त्यावर वाद घालणं फुकट. घडणावळीवर बोला. तिथे मात्र अजिबात लाजू नका.

कार्डाचं मशीन रुपये की दिरहम विचारतं. दिरहम दाबा. रुपये दाबले तर दर मशीनवाल्याचा, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

शेवटी कर. खरेदीवर 5 टक्के व्हॅट असतो. पर्यटकाला परताव्याच्या योजनेतल्या दुकानात एका बिलावर किमान 250 दिरहमची खरेदी झाली तर भरलेल्या व्हॅटचा 85 टक्के भाग परत मिळतो, थोडं शुल्क कापून. घासाघीस होणारे लहान गाळे बहुतेकदा या योजनेत नसतात, तेव्हा आधी विचारा आणि पैसे देतानाच पासपोर्ट दाखवा. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी परताव्याच्या काउंटरवर जा. माझी एक बॅग आधीच पट्ट्यावरून पुढे गेली होती. माल दाखवा म्हणाले, तर माझ्या हातात नुसतं बिल.