अपिलात जाताना या चुका टाळा: सरकारी नोकरीचे आणि दिवाणी वाद

अपिलाचे न्यायालय तुमची तक्रार ऐकण्याआधी तीन गोष्टी तपासते: प्रकरण योग्य ठिकाणी आले आहे का, मुदतीत आले आहे का आणि खालच्या आदेशातली नेमकी कोणती चूक दाखवली आहे. बाजू खरी असूनही यातल्या एखाद्या कारणावरून प्रकरण निकालात निघणे ही पक्षकाराची फार मोठी हानी असते, आणि बहुतेक वेळा ती टाळता आली असती.

चुकीच्या ठिकाणी दाद मागणे

नोकरीच्या वादात सर्वाधिक घोळ इथे होतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जायचे. त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) इथे आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यासाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला मात्र मॅट नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने शिक्षा दिली तर विभागीय आयुक्तांकडे अपील आणि त्यानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका, असा त्याचा मार्ग आहे. खासगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीविरुद्ध खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावे लागते.

मॅटला वगळून थेट उच्च न्यायालयात गेल्यास तिथून परत पाठवणी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार प्रकरणात हा क्रम स्पष्ट केला: आधी न्यायाधिकरण, मग त्याच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाचे द्विसदस्यीय खंडपीठ.

मॅटच्याही आधी एक पायरी असते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार शिक्षेच्या आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत विभागीय अपील, म्हणजे शासनातल्याच वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील, करायचे असते. ही पायरी गाळली तर न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही.

निवेदनांवर निवेदने देत बसणे

अपिलावर किंवा निवेदनावर सहा महिने निर्णय आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एका वर्षात मॅटमध्ये मूळ अर्ज करता येतो. अंतिम आदेश मिळाला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० आणि २१ मध्ये हे हिशेब दिले आहेत.

कर्मचारी मात्र दर काही महिन्यांनी नवे निवेदन देतो, स्मरणपत्र पाठवतो, मंत्रालयात चकरा मारतो आणि वर्षे निघून जातात. मग कार्यालय एके दिवशी 'विनंती मान्य करता येत नाही' असे पत्र देते आणि त्या पत्रापासून मुदत धरून अर्ज केला जातो. हा हिशेब टिकत नाही. जुन्या, मेलेल्या मागणीवर उशिरा मिळालेल्या उत्तरामुळे मुदत नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि नंतरही बजावले आहे. पहिल्या निवेदनाची आवक क्रमांकासह पोच जपून ठेवा आणि सहा महिन्यांची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेत मांडा.

चुकीची वेतननिश्चिती किंवा कमी निवृत्तिवेतन याला थोडी सवलत आहे. दर महिन्याला नुकसान होत असल्याने दावा उशिरा आला तरी ऐकला जातो, पण थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. ज्येष्ठता आणि पदोन्नतीला हा आधार नाही, कारण तिथे इतरांचे हक्क एव्हाना पक्के झालेले असतात.

दिवाणी अपिलात नकलेचा अर्ज लांबवणे

जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाला ९० दिवस. निकालाचा दिवस मोजायचा नाही. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला आवश्यक काळ वगळला जातो, पण त्यात दोन खाचखळगे आहेत.

समजा निकाल ३ मार्चला लागला. ३० दिवस २ एप्रिलला संपतात. नकलेचा अर्ज १० मार्चला केला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली, तर हे १५ दिवस वगळून शेवटची तारीख १७ एप्रिल होते. नक्कल तयार होऊनही तुम्ही ती ५ एप्रिलला नेली, तर मधले दिवस तुमच्या खात्यावर. दुसरी गोष्ट अधिक घातक: हुकूमनामा (निकालानुसार काढलेला औपचारिक आदेश) तयार व्हायला न्यायालयाला वेळ लागला, तरी नकलेचा अर्ज करण्यापूर्वीचा तो वेळ वगळला जात नाही. 'हुकूमनामा निघाल्यावर अर्ज करू' हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. निकाल लागला त्याच दिवशी न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, दोन्हींच्या नकलांसाठी अर्ज द्या.

उशीर झालाच तर विलंब माफीच्या अर्जात 'आजारी होतो' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय अडचण होती ते लिहा आणि कागद जोडा. सरकारी कार्यालयांचीही गत वेगळी नाही. फाइल टेबलांवरून फिरत होती, हे कारण आता सरकारलाही सहज माफी मिळवून देत नाही.

अपील दाखल झाले म्हणजे निकाल थांबला, असे समजणे

अपील नुसते दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. समोरचा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून ताबा घेऊ शकतो किंवा जप्ती आणू शकतो. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो, आणि त्यात मोठे नुकसान होईल हे, अर्ज विनाविलंब केला हे आणि तारण देण्याची तयारी, तिन्ही दिसायला हवे. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम भरण्याची तयारी ठेवूनच जा. अपिलाची मुदत संपण्याआधी हुकूमनामा देणारे न्यायालयही स्थगिती देऊ शकते. नकलेसाठी थांबावे लागत असेल तेव्हा ही तरतूद फार उपयोगी पडते, तरी ती क्वचितच वापरली जाते.

सगळेच पुन्हा सांगणे

पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही तपासले जातात. दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न, तोही नेमका मांडलेला. तिथे साक्षीदार खरे की खोटे यावर बोलत राहिल्यास अपील दाखलपूर्व सुनावणीतच फेटाळले जाते. अपिलाच्या कारणांत 'निकाल कायद्याला धरून नाही' असे मोघम वाक्य नको. कोणत्या निशाणीकडे (पुराव्यात दाखल कागदाकडे) दुर्लक्ष झाले, कोणती साक्ष चुकीची वाचली, हे परिच्छेद क्रमांकासह लिहा. नवा कागद सहज स्वीकारला जात नाही. पुरेशी काळजी घेऊनही तो खालच्या न्यायालयात का देता आला नाही, हे दाखवावे लागते.

विभागीय चौकशीत तर मर्यादा आणखी कडक आहे. मॅट किंवा उच्च न्यायालय पुराव्याचे नव्याने वजन करत नाही. थोडासाही ग्राह्य पुरावा असेल तर निष्कर्ष टिकतो. म्हणून भर प्रक्रियेवर द्या: चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी दिली का, मागितलेले कागद नाकारले का, उलटतपासणी होऊ दिली का. त्यामुळे बचावाचे नेमके काय नुकसान झाले तेही सांगा. नुसती प्रत मिळाली नाही एवढ्यावर आदेश रद्द होत नाही. शिक्षा कमी करून हवी असेल तर ती सदसद्विवेकाला धक्का देणारी आहे, हे दाखवावे लागते.

बडतर्फी रद्द होऊनही मागील पगार हातचा जातो, त्यामागे एक छोटी चूक असते. मधल्या काळात दुसरीकडे पगारी नोकरी नव्हती, हे शपथेवर लिहिलेलेच नसते. ते पहिल्याच अर्जात लिहा. मग उलटे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते.

माणसे राहून जाणे

निवड यादी किंवा ज्येष्ठता यादीला आव्हान देताना ज्यांचे नाव खाली जाईल त्यांना प्रतिवादी करा. संख्या मोठी असेल तर निदान काहींना प्रातिनिधिक म्हणून तरी करा, नाहीतर चांगली बाजूही या एका कारणावर पडते.

दिवाणी अपिलात उत्तरवादी, म्हणजे समोरचा पक्षकार, मयत झाल्यास ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. ते राहिले तर त्याच्यापुरते अपील आपोआप संपते, आणि ते उठवायला पुढे ६० दिवस मिळतात. वाटपाच्या दाव्यात एकाच्या बाबतीत अपील संपले की अनेकदा पूर्ण अपिलावरच गंडांतर येते. भाऊबंदकीच्या जुन्या अपिलात म्हणून दर तारखेला सगळे पक्षकार हयात आहेत ना, याची चौकशी गावातून करून ती वकिलांना कळवा.